चौथीपर्यंतच्या मुलांसमोर आदर्श म्हणून कोणाला उभे करावे?

धागा सुरू करणारी : सत्तरीतील प्राथमिक शिक्षिका

गेली २१ वर्षे मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवते आहे. सध्याच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून १९ मुले आहेत. यंदाच्या गोवा क्रांतिदिनी (१८ जून) तिसरीतल्या एका मुलीने राममनोहर लोहियांवर भाषण केले. घरी उत्तम पाठ करून घेतलेले होते, एकही शब्द अडला नाही आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी माध्यान्ह आहार झाल्यावर मी तिला सहज विचारले की लोहियांनी मडगावात नेमके काय केले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "ते थोर होते."

यात तिचा काही दोष नव्हता. त्या भाषणात जन्म होता, शिक्षण होते, मृत्यू होता, आणि मधल्या सगळ्या जागी 'महान', 'अजरामर' अशी विशेषणे होती. वास्तविक १८ जून १९४६ रोजी जे घडले ते आठ वर्षांच्या मुलाला चटकन कळण्याजोगे आहे. पोर्तुगीज अमलात सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागत असे, आणि असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस या आपल्या मित्राच्या घरी विश्रांतीसाठी आलेला एक माणूस परवानगीवाचून लोकांसमोर बोलायला उभा राहिला. वर्गात उत्तर देण्यासाठी हात वर करतानासुद्धा ज्या मुलांची छाती धडधडते, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

त्याच आठवड्यात मी सर्व मुलांना विचारले की तुम्हांला कोणासारखे व्हावेसे वाटते. तिघांनी मोबाइलवर पाहिलेल्या चेहऱ्यांची नावे सांगितली. दुसरीतल्या एका मुलाने पावसात रात्री खांबावर चढून वाड्यावरची (वस्तीवरची) वीज परत आणणाऱ्या लायनमनचे नाव घेतले. चौथीतल्या एकाने सांगितले की २०२१ च्या जुलैतील पुरात त्याच्या आजीला पाठीवर घेऊन बाहेर काढणाऱ्या शेजाऱ्यासारखे त्याला व्हायचे आहे. पाठ केलेल्या भाषणातले एकही नाव कोणी घेतले नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की चौथीपर्यंत आदर्शांची ओळख अशा माणसांपासून सुरू करावी, ज्यांच्याकडे जाऊन मूल प्रश्न विचारू शकते. थोर व्यक्ती वर्षातून दोन-तीनच घ्याव्यात, प्रत्येकीची एकच कृती घ्यावी, पण ती करताना त्या व्यक्तीला कशाची भीती वाटली असेल आणि काय सोसावे लागले तेही सांगावे. जयंतीची पाठांतराची भाषणे आणि वेशभूषा स्पर्धेतली बक्षिसे बंद करावीत. आमच्या पालक-शिक्षक संघात यावर तीव्र मतभेद झाले, म्हणून हा विषय येथे मांडते आहे.

प्रतिसाद १ : निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

बाईंचे निरीक्षण मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मुळीच मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे जरा विस्ताराने सांगतो.

मी मुंडकाराचा, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्या कष्टकऱ्याचा, मुलगा. पोर्तुगीज अमलातून गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांपैकी एका शाळेत मी पहिलीला बसलो. शाळा देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) भरत असे. आमच्या वाड्यावर तोवर कोणीही चौथीच्या पुढे गेलेले नव्हते. माणसे कष्टाळू होती, प्रामाणिक होती, पण त्या वाड्यावर पाहून मला जे होता आले असते ते पाडेली (माडावरून नारळ काढणारा) किंवा कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) गडी एवढेच होते. या कामांत कमीपणा आहे असे मी कधीच मानले नाही, कारण माझे वडील तेच काम करीत होते. परंतु माणसाला आणखीही काही होता येते, ही बातमी मला वाड्याने दिली नाही. ती भिंतीवरच्या चार तसबिरींनी आणि मास्तरांनी पाठ करून घेतलेल्या भाषणांनी दिली. तेव्हा त्यांतले निम्मेही कळत नव्हते. काही वाक्यांचा अर्थ मला पस्तिशीत कळला, पण तो कळण्यासाठी वाक्य आधी तोंडात असावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. 'जवळची माणसे पाहा' असे ज्या मुलांना आपण सांगणार, त्यांतल्या काहींच्या घरी संध्याकाळी दारूच्या वासाखेरीज जवळ काही नसते. त्या मुलाला शाळेने घराबाहेरचे, गावाबाहेरचे, किंबहुना काळाबाहेरचे एखादे माणूस दिलेच पाहिजे. तेवढाच त्याचा आधार असतो.

आणि आमच्या तालुक्यात तर जवळचे आणि थोर हा भेदच टिकत नाही. मोहन रानडे सांगलीचे. सावई-वेरे येथे ते मराठीचे शिक्षक म्हणून आले, पोर्तुगीजांविरुद्ध शस्त्राने लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला तरी पोर्तुगालच्या तुरुंगातून ते सुटले १९६९ मध्ये. ज्या राज्यासाठी ते लढले ते मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी ते परक्या देशात कोठडीत होते. हे आपल्या मुलांना चौथीच्या आत सांगितले नाही, तर पुढे माध्यम बदलते, पुस्तके बदलतात आणि सांगणारा कोणी उरत नाही.

प्रतिसाद २ : म्हापशातील एक पालक (महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते)

सरांचा दुसरा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो, पहिला मात्र पटत नाही. मुले कशाचे अनुकरण करतात यावर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ७२ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुलीला मारताना ज्यांनी पाहिले, त्या मुलांनी पुढे तसेच वागून दाखवले, आणि त्या माणसाच्या तोंडचे शब्दही उचलले. तिथे कोणी भाषण दिलेले नव्हते. मुलांनी फक्त पाहिले होते.

गोष्टींचा परिणाम होतच नाही असे मात्र नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३ ते ७ वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या नीतिकथा सांगून, नंतर ती खरे बोलतात की नाही हे तपासले. खोटे बोलल्याने नाक लांबते किंवा लांडगा येतो, या कथांचा काहीच उपयोग झाला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचे झाड तोडल्याचे कबूल केले आणि वडिलांनी त्याच्या खरेपणाचे कौतुक केले, ही कथा ऐकलेली मुले मात्र अधिक खरे बोलली. शिक्षेच्या भीतीपेक्षा चांगल्या वागण्याचे चांगले फळ मुलांच्या मनाला अधिक लागले. २०१८ च्या टोरांटोतील अभ्यासात असे दिसले की वाटून घेण्याची तीच गोष्ट प्राण्यांऐवजी माणसांची पात्रे घालून सांगितली, तर ४ ते ६ वर्षांची मुले आपल्या वस्तू अधिक वाटून देतात. कारण ती स्वतःला त्या पात्रात पाहू शकतात. 'महान' आणि 'अजरामर' या शब्दांत कोणतेच मूल स्वतःला पाहू शकत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

येथे एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. वॉशिंग्टनची ती चेरीच्या झाडाची गोष्ट त्याच्या एका चरित्रकाराने रचलेली आहे. मुलांना खरे बोलायला शिकवणारी गोष्टच खरी नाही. आपल्याकडच्या थोरांच्या बालपणीच्या किती गोष्टी अशा असतील याचा विचार शिक्षकांनी करावा. मुले मोठी झाल्यावर त्यांना ते कळते, आणि तेव्हा त्यांचा विश्वास केवळ त्या गोष्टीवरून उडून थांबत नाही, तो सांगणाऱ्यावरूनही उडतो.

प्रतिसाद ३ : वास्को येथील पालक

बाईंच्या सूचनेला माझा विरोध आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. काही वर्षांपूर्वी माझा मुलगा तिसरीत असताना त्याच्या शाळेने गावातल्या एका समाजसेवकाला बोलावले होते. मुलांनी त्यांची मुलाखत घेतली, त्यांचे चित्र काढले आणि ते वर्षभर वर्गाच्या भिंतीवर होते. पुढल्या वर्षी ते गृहस्थ लोकांच्या ठेवी बुडवल्याच्या प्रकरणात पकडले गेले. शाळेने चित्र उतरवले आणि त्यावर एक अक्षरही काढले नाही. माझ्या मुलाने घरी विचारले, "मग आम्ही त्यांना विचारले तेव्हा ते खोटे बोलत होते काय?" याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही.

दिवंगत व्यक्तीचे आयुष्य पूर्ण झालेले असते, त्याचा हिशेब लागलेला असतो. जिवंत माणूस मुलांसमोर आदर्श म्हणून उभा करणे ही फार मोठी जोखीम आहे, आणि ती सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मनावर घ्यायला लावण्याचा अधिकार शाळेला नाही असे मी मानतो.

प्रतिसाद ४ : सत्तरीतील प्राथमिक शिक्षिका

वास्कोच्या पालकांना झालेला त्रास मी समजू शकते. पण त्या शाळेची चूक माणूस निवडण्यात जितकी होती, त्याहून अधिक ती चित्र मुकाट्याने उतरवण्यात होती असे मला वाटते. त्या दिवशी मुलांना बसवून, त्यांनी केलेली चांगली कामे खरी होती आणि लोकांचे पैसे बुडाले हेही खरे आहे, एवढे सांगायला हवे होते. शिवाय मी 'माणूस आदर्श' असे म्हणतच नाही. लायनमनची ती पावसातली रात्र आदर्श आहे. तो उद्या चुकला, तरी ती रात्र खोटी ठरत नाही.

दिवंगतांचा हिशेब लागलेला असतो, हेही मला पूर्णपणे पटत नाही. गेल्या वर्षी चौथीला मी धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगितली. १८७६ मध्ये साखवाळ येथे जन्मलेला, शाळेचे शिक्षण जेमतेम झालेला हा तरुण बुद्धाविषयी जाणून घेण्याच्या ओढीने घराबाहेर पडतो, पुणे, काशी, नेपाळ असे करीत श्रीलंकेला पोचतो, पाली शिकतो आणि पुढे अमेरिकेत हार्वर्डला जाऊन काम करतो. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. निघताना ते पत्नीला आणि तान्ह्या मुलीला घरी ठेवून गेले, हेही मी सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, मग ती बाय रडली नसेल?" वर्ग एकदम शांत झाला. त्या मुलीचे वडील जहाजावर असतात, वर्षातून दोनदा घरी येतात. त्यानंतर अर्धा तास मुले जे बोलली, तसे मी २१ वर्षांत क्वचितच ऐकले आहे. घर सोडून जाणे चांगले की वाईट हे आमचे ठरले नाही, आणि मी ते ठरवूही दिले नाही.

प्रतिसाद ५ : कुंकळ्ळीहून

सरांनी बेतीच्या चौकीचा उल्लेख केला आणि म्हापशाच्या ताईंनी मारहाण पाहणाऱ्या मुलांच्या प्रयोगाचा. दोन्ही मुद्दे एकमेकांशेजारी ठेवल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो आमच्या गावाला दरवर्षी पडतो. १५८३ मध्ये देवळे पाडली गेल्यावर आमच्या गावकारांनी पाच जेझुइट पाद्रींना ठार मारले, आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दगाफटका करून मारले. त्या प्रमुखांचे स्मारक आज गावात आहे. ज्या वर्गात हे सांगायचे, त्यात देवळात जाणारी आणि इगर्जीत जाणारी मुले एकाच बाकावर असतात, आणि अनेकदा दोघांचेही मूळपुरुष तेच गावकार असतात.

माझे स्पष्ट मत आहे की शस्त्राने लढलेल्यांची गोष्ट पाचवीच्या आधी आदर्श म्हणून सांगू नये. सात वर्षांच्या मुलाला त्यातले मारणे तेवढे दिसते, त्यामागचे कारण दिसत नाही. आमच्याकडे शिगम्याला सांत्रियो निघते, शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीची मिरवणूक बारा वांगडांच्या (घराण्यांच्या) बारा छत्र्यांसह काढली जाते, आणि तीत दोन्ही धर्मांचे लोक असतात. कुंकळ्ळीच्या लहान मुलाला आपल्या पूर्वजांची ओळख करून द्यायची, तर त्या छत्रीखालून चालत नेऊन करून द्यावी. किल्ल्यातली गोष्ट नंतर सांगता येईल.

प्रतिसाद ६ : काणकोण येथील शिक्षिका

एवढ्या चर्चेत एकाही स्त्रीचे नाव आलेले नाही, हे मला खटकते. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक वयाच्या ४८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. त्यांत स्त्री शास्त्रज्ञाची चित्रे फक्त २८ निघाली, आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. पहिलीपासून भिंतीवर जे दिसते तेच मुले कागदावर काढतात.

नावांची आपल्याकडे वाण नाही. लिबिया लोबो सरदेसाई यांनी वामन सरदेसाई यांच्याबरोबर १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षे गोव्याच्या सीमेवरच्या जंगलातून मुक्तीचे रेडिओ केंद्र चालवले. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या गोष्टीत बंदूक नाही, त्यामुळे कुंकळ्ळीच्या वाचकांची अडचणही येत नाही. अंधार आहे, पाऊस आहे, आणि रोज न चुकता बोलणे आहे. रोज न चुकता काही करणे म्हणजे काय, हे गृहपाठ करणाऱ्या मुलाला आपल्याहून जास्त ठाऊक असते. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अवकाशात गेला. हे सांगून मी वर्गात ते गाणे लावते. मुले पहिल्यांदा चुळबुळतात, आणि हा आवाज आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे असे सांगितले की पुन्हा लावायला सांगतात.

सरांचे म्हणणे मला मान्य आहे की शाळेने वाड्याच्या पलीकडे न्यावे. केरीपासून अवकाशापर्यंत नेता येते. मात्र सुरुवात केरीतच व्हावी.

प्रतिसाद ७ : निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. काही ठिकाणी माझे मत हलले आहे, काही ठिकाणी ते अधिक घट्ट झाले आहे.

ज्या भाषणाचा अर्थ लिहून देणाऱ्या पालकालाही विचारलेला नसतो ते भाषण बंद व्हावे, हे मी मान्य करतो. पण पाठांतर बंद करू नका. मुलांनी स्वतः सांगितलेली चार वाक्ये शिक्षकाने नीट करून द्यावीत आणि तीच त्यांनी पाठ करावीत. वेशभूषा स्पर्धेबद्दल मी आग्रह धरणार नाही. पांढरी टोपी घातल्याने कोणी मूल सत्याग्रही झालेले मी ३४ वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही.

बंदुकीच्या बाबतीत कुंकळ्ळीच्या वाचकांशी मी सहमत होऊ शकत नाही. रानड्यांच्या आयुष्यातला तो हल्ला एका दिवसाचा आहे आणि तुरुंगवास सुमारे चौदा वर्षांचा. मी वर्गात नेहमी त्या चौदा वर्षांविषयी बोलत आलो. माणूस इतकी वर्षे एकटा कसा राहिला असेल, त्याने काय आठवले असेल, असे मुलांना विचारतो. मारणे त्यांच्या डोक्यात राहत नाही, वाट पाहणे राहते. पाचवीपर्यंत थांबण्याची मला गरज वाटत नाही.

कोसंबींच्या गोष्टीबद्दल मात्र बाईंना आदरपूर्वक विरोध नोंदवतो. वडील जहाजावर असलेल्या मुलीसमोर, घर सोडून गेलेल्या वडिलांची गोष्ट अनिर्णित ठेवून तास संपवणे मला जड जाते. आपण तिला विचार करायला लावले असे आपल्याला वाटते. ती रात्री काय घेऊन झोपली हे आपल्याला ठाऊक नाही. मूल दहा वर्षांचे होईपर्यंत थोरांचा मोठेपणा आधी पक्का होऊ द्यावा, उणिवा त्यानंतर कळाल्या तरी चालतात, असे मी अजूनही मानतो. म्हापशाच्या ताई यावर म्हणतील की नंतर कळले की विश्वास उडतो. रचलेली गोष्ट कळली तर उडतो, हे खरे. खरी गोष्ट पुढे पूर्ण होत गेली, तर तो वाढतो.

प्रतिसाद ८ : म्हापशातील एक पालक

सरांचे शेवटचे वाक्य मी मान्य करते, आणि त्याला एक जोड देते. माशेलला १९४३ मध्ये जन्मलेले रघुनाथ माशेलकर आपल्या भाषणांतून वारंवार एका शिक्षकांची आठवण सांगतात. त्या शिक्षकांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला आणि शक्ती एकवटली की काय होते ते सांगितले. जगभर मान मिळालेल्या शास्त्रज्ञाला आपला आदर्श विचारला की त्याच्या डोळ्यांपुढे शाळेच्या आवारातला तो माणूस उभा राहतो. वास्कोच्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे, की शाळेने जिवंत माणूस आदर्श म्हणून निवडला नाही, तरी वर्गात उभे असणारे शिक्षक मुले निवडतातच. ती जोखीम टळत नाही.

प्रतिसाद ९ : सत्तरीतील प्राथमिक शिक्षिका

सर, त्या मुलीविषयीची आपली काळजी माझ्या मनाला लागली. मी परवा तिच्या आईला भेटून आले. त्या रात्री मुलीने वडिलांना फोन लावायला सांगितला होता आणि तुम्ही आमच्यासाठी गेलात की तुम्हांला जायचे होते म्हणून गेलात, असे विचारले होते. वडिलांनी काय उत्तर दिले ते आईने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी चूक केली की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पुढच्या वेळी अशी गोष्ट सांगण्याआधी वर्गातल्या कोणाच्या घरी काय आहे याचा मी अधिक विचार करीन, पण गोष्टीतला तो भाग गाळणार नाही.

पाठांतराबाबत आपले म्हणणे मी करून पाहते आहे. क्रांतिदिनी भाषण केलेल्या त्या तिसरीतल्या मुलीला मी १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनासाठी पुन्हा लोहियाच दिले आहेत. या खेपेला लिहून दिलेले काही नाही. मी तिला सर्व प्रसंग सांगितला आणि तुला काय विचारायचे आहे ते विचार, असे म्हटले. तिने बराच विचार करून विचारले, "जून महिना होता, मग त्या दिवशी पाऊस होता काय?" त्या दिवशी मडगावात मुसळधार पाऊस होता, आणि तरीही लोक जमले होते, असे मी तिला सांगितले. तेव्हापासून ती रोज मधल्या सुट्टीत येऊन एकेक प्रश्न विचारते, आणि तिचे भाषण त्या प्रश्नांतूनच तयार होते आहे. आपण १९ तारखेला आमच्या शाळेत यावे, अशी विनंती आहे.